गिअरबॉक्स उतरवण्याआधी: जुन्या फोर बाय फोरची अर्थिंग, नॉब आणि क्लच

तुमच्या पत्रावरून तुमची अडचण मला कळली ती अशी. २०१३ ची डिझेल फोर बाय फोर, एक लाख अडतीस हजार किलोमीटर झालेली, आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली. राहायला घोडबंदर रोडला, महिन्यातून दोनदा मुरबाडच्या पुढे शेतावर जाणं, आणि तिथला शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात नुसता चिखल. सकाळी सेल्फ जड फिरतो. कधी नुसता ‘टक्’ आवाज होऊन मीटरवरचे सगळे दिवे विझतात आणि पुन्हा चावी फिरवली की काही झालंच नव्हतं अशी गाडी चालू होते. चार दिवस उभी राहिली की नवी बॅटरीसुद्धा बसते. फोर व्हीलचा नॉब फोर लोवर (चारही चाकं, कमी वेग, जास्त ओढ) नेला की दिवा लुकलुकतो आणि विझतो. फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) कधी लागतं, कधी नाही. रिव्हर्स खर्रकन पडतो, तिसरा गिअर उतारावर निसटतो, साठच्या पुढे खालून घुंई असा आवाज येतो. गॅरेजमध्ये सांगितलं की गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करू, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) बदलू, खर्च लाखाच्या घरात जाईल. तुम्ही विचारताय, करावं का?

इतक्यात नको. वागळे इस्टेटमध्ये सत्तावीस वर्षं मी हेच काम करतोय. ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून माझ्याकडे ओढून आणलेल्या कितीतरी गाड्यांचा गिअरबॉक्स शेवटी जागचा हलवावाही लागला नाही. तुमच्या तक्रारींतल्या किमान तीन तक्रारींचं मूळ गिअरबॉक्सच्या बाहेर असेल असं लक्षणांवरून दिसतंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं फोर बाय फोरमध्ये फार होतं, कारण तिच्यात यंत्र आणि वीज एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. एक साधा मल्टिमीटर आणि रविवारची एक सकाळ एवढी तयारी ठेवा.

सुरुवात सेल्फपासून. ‘टक्’ आवाज आणि सगळे दिवे एकदम विझणं, ही सहसा बॅटरी कमजोर असल्याची खूण नाही. कमजोर बॅटरीवर दिवे हळूहळू मंदावतात, सेल्फ दमत दमत फिरतो. सगळं एकदम जाऊन एकदम परत येतं, तेव्हा कुठेतरी जोड सुटा किंवा कुजका असतो. जोर पडला की तो उघडतो, जोर गेला की पुन्हा टेकतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स चॅसीवर रबरी फाउंडेशनवर बसलेले असतात. रबरातून वीज जात नाही. त्यामुळे सेल्फने ओढलेला सगळा करंट बॅटरीच्या मायनसपर्यंत परत जातो तो एका जाड अर्थ पट्टीतून, काही गाड्यांत दोन पट्ट्यांतून. डिझेलचा सेल्फ सहज ३०० अँपिअर ओढतो. त्या पट्टीच्या जोडात फक्त पाच मिलिओहम अडथळा आला तरी तिथे दीड व्होल्ट खाल्ला जातो. बॅटरीने दिलेल्या दहा-साडेदहा व्होल्टांतून दीड तिथेच संपला, तर बाकीच्यांच्या वाट्याला काय उरणार? दिवे विझतात, मॉड्यूल (गाडीतले छोटे कंप्युटर) झोपतात, आणि झोपलेलं मॉड्यूल जागं झालं की फोर व्हीलचा नॉब कुठे होता हे त्याला पुन्हा शोधावं लागतं. तुमचा लुकलुकणारा दिवा आणि तुमचा ‘टक्’ एकाच घरातले असू शकतात, असं मी म्हणतो ते यामुळे.

हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, मोजावं लागतं. पहाटे दार उघडण्याआधी, म्हणजे आतला दिवा लागण्याआधी, बॉनेट उघडता येत असेल तर उत्तम; नाहीतर बॉनेट उघडून, दारं लावून अर्धा तास थांबा. बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली की तिच्याकडून डिझेल इंजिन उचललं जाण्याची आशा करू नका. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाता कामा नये. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ यायला हवेत. आता खरी चाचणी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर टेकवा. क्लॅम्पवर नको, खुंटावरच. लाल पिन इंजिनच्या एखाद्या स्वच्छ बोल्टवर. कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. गाडी चालू होईपर्यंतचे दोन सेकंद पुरतात. आकडा ०.२ च्या आत असेल तर अर्थिंग चांगली. ०.५ च्या वर गेला तर चोर सापडला. मग हीच चाचणी प्लसच्या बाजूला: लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या खुंटावर, काळी सेल्फच्या जाड टर्मिनलवर. तिथेही ०.५ च्या वर नको. ही पिन सेल्फच्या बॉडीला किंवा आसपासच्या लोखंडाला लागू देऊ नका.

आपल्याकडे हा दोष जास्त का, तर खाडी. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, सगळीकडे दमट खारी हवा, त्यात पावसाळ्यातले चार महिने. गेल्या वर्षी कोपरीहून एक गाडी आली होती, तक्रार अगदी तुमच्यासारखी. गिअरबॉक्सपासून चॅसीला जाणाऱ्या अर्थ वायरचा लग, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, बाहेरून चकचकीत, बोल्ट कसलेला. वायर हातात धरून वाकवली तर आतून वाळलेलं पान चुरडावं तसा करकर आवाज आला. ब्लेडने इन्सुलेशन उभं चिरलं. आत मोरचुदाच्या रंगाची भुकटी होती, शेकडो बारीक तारांपैकी चिमूटभरच लाल उरल्या होत्या. त्या चिमूटभर तारांवर हॉर्न वाजत होता, दिवे लागत होते. सेल्फ मात्र उचलत नव्हता. ज्यांची गाडी होती त्या ताईंनी दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या.

म्हणून अर्थ पट्टी नुसती पॉलिश पेपरने घासून परत लावू नका. नवी घ्या, पहिलीपेक्षा जाड चालेल, बारीक नाही. लग पक्क्या दाबयंत्राने दाबलेला हवा. हातोडीने ठोकलेला लग सहा महिन्यांत ढिला होतो. चॅसीवरची जागा रंग जाऊन लोखंड दिसेपर्यंत साफ करा, बोल्ट कसा, आणि कसल्यानंतर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. अर्थ पट्टी कुजलेली असते तेव्हा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती कधी गिअरची केबल असते, कधी हँडब्रेकची. सेल्फ मारल्यावर एखादी केबल कोमट लागली तर गाडी पुन्हा पुन्हा चालू करून बघत बसू नका, आधी पट्टी बदला.

बॅटरी चार दिवसांत बसते ही मात्र वेगळी गोष्ट आहे, तिचा अर्थिंगशी संबंध नसतो. कोणीतरी रात्रभर वीज पितंय. मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून बॅटरीच्या मायनस वायरीशी मालेत जोडा. दारं बंद, चावी लांब, अर्धा तास धीर धरा, कारण मॉड्यूल लगेच झोपत नाहीत. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. ३०० आला तर हिशेब करून बघा: दिवसाला ७.२ अँपिअर-तास, चार दिवसांत जवळजवळ २९. सत्तर अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ४० टक्के गेले. मग फ्यूज बॉक्समधले फ्यूज उपटत बसण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथे आकडा दिसेल त्या फ्यूजमधून करंट जातोय.

सेकंडहँड फोर बाय फोरमध्ये दहातले आठ वेळा हे पिणारं पाहुणं आधीच्या मालकाने बसवलेलं असतं: एलईडी बार, जादा हॉर्न, म्युझिकचा अँप्लिफायर, ट्रॅकर. मूळ वायरिंग सोलून, त्याला पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेली. अशी टेप दिसली की ती सोडवाच. प्रत्येक जादा वस्तूला बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायची मोटरची चरखी, असेल तर आणखी जपा, ती जोरात ओढताना सेल्फइतका, कधी त्याहून जास्त करंट घेते. आणि एक बघून ठेवा: बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. त्याचं सील गेलं की तेल अल्टरनेटरमध्ये उतरतं, ब्रश चिकट होतात आणि चार्जिंग कमी-जास्त व्हायला लागतं. अल्टरनेटरखाली तेलाचा ओघळ दिसला तर नवा अल्टरनेटर घेण्याआधी हे सील बघा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

आता नॉब. जिप्सीसारख्या लिव्हरच्या गाडीत तुमचा हात थेट ट्रान्स्फर केसमधल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कला हलवतो. तुमच्या गाडीत नॉब फक्त विनंती करतो. कंट्रोल मॉड्यूल ती विनंती तपासतं, आणि मान्य असेल तर ट्रान्स्फर केसच्या मागे बसवलेली छोटी मोटर फिरवतं. फोर लोसाठी त्याच्या अटी कडक असतात: गाडी थांबलेली हवी, क्लच पूर्ण दाबलेला किंवा गिअर न्यूट्रलमध्ये हवा, आणि बॅटरीचा दाब पुरेसा हवा. यातली एक जरी अट पुरी झाली नाही, किंवा पुरी झाल्याचं त्याला कळलं नाही, तरी ते दिवा लुकलुकवून नकार देतं. त्या नकारालाच लोक ‘ट्रान्स्फर केस गेली’ म्हणतात.

‘क्लच पूर्ण दाबलाय’ हे मॉड्यूलला कळतं ते पेडलजवळच्या एका लहान स्विचवरून. ‘गाडी थांबलीय’ हे कळतं ते स्पीड सेन्सरवरून. तुमच्या स्पीडोमीटरचा काटा कधी मध्येच शून्यावर पडतो का, कधी उभ्या गाडीत थरथरतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असं होत असेल तर सेन्सर आणि त्याचा कनेक्टर आधी बघा.

क्लचच्या पेडलविषयी जरा थांबून सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त संशय इथे आहे. कोपरखैरण्याचं एक कुटुंब आलं होतं. फोर लो लागत नाही, रिव्हर्स खरडतो. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, एका ठिकाणी ट्रान्स्फर केस खोलूनही झाली होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, क्लच दाबला, आणि पाय तळाला टेकला तो मऊ गादीवर टेकावा तसा. खाली मूळ कार्पेट, त्यावर जाड शिवलेलं मॅटिंग, त्यावर पावसाळ्यासाठी रबरी मॅट. तिन्ही मिळून जवळजवळ दोन बोटं जाडी. पेडल शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतच नव्हतं. त्यामुळे स्विच दाबला जात नव्हता म्हणून फोर लो नाही, आणि क्लच पूर्ण सुटत नव्हता म्हणून रिव्हर्स खरडत होता. वरची दोन मॅट काढली, दोन्ही तक्रारी जागच्या जागी मिटल्या. त्या कुटुंबातल्या काकांचे आधीच्या खोलाईचे पैसे भरून झाले होते, ते काही परत आले नाहीत.

तुमच्या पत्रात या दोन तक्रारी अशाच जोडीने आल्या आहेत. आज संध्याकाळी घरी गेलात की मॅट काढून, पाय तळाला टेकवून दोन्ही करून बघा. फरक पडला नाही तर क्लचचं हायड्रॉलिक, म्हणजे पेडलचा दाब तेलाने क्लचपर्यंत नेणारी लाइन, बघा. क्लच ऑइलची पातळी, मास्टर सिलिंडरपासून पेडलमागे ओघळ, खाली स्लेव्ह सिलिंडरचा रबरी बूट उचलून आत ओल. पेडल दोन-तीनदा भराभर पंप केल्यावर रिव्हर्स सहज पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचा वॉशर गेलाय.

रिव्हर्सची कसोटीही सोपी आहे. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारी पितळी रिंग) नसतो, म्हणून क्लच दाबून लगेच टाकला तर चांगला गिअरबॉक्ससुद्धा खरडतो. क्लच दाबा, मनात पाचपर्यंत मोजा, मग टाका. तरी खरडला तर गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच त्याला सोडत नाहीये. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर सगळे लोण्यासारखे पडत असतील आणि चालू इंजिनवर सगळेच अडत असतील, तर दोष क्लचचा. एकच गिअर अडत असेल आणि बाकीचे नीट पडत असतील, तरच सिंक्रो रिंगचं नाव घ्या.

परत नॉबवर येतो. क्लच आणि स्पीडचा संशय फिटला तर गाडीखाली जावं लागेल. मॉड्यूलचा आणि मोटरचा फ्यूज, दोन्ही रिले. मग मोटरचा कनेक्टर. तो सगळ्यात वाईट जागी असतो, मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या अंगाला, जिथे चिखल उडून साठतो. कनेक्टर उघडल्यावर पिनांवर हिरवट थर किंवा आत पाणी दिसलं तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळवा, आणि त्याची रबरी सील फाटली असेल तर कनेक्टरच बदला. मोटरला नुसते १२ व्होल्ट पोचतात का हे बघू नका, ती फिरायचा प्रयत्न करत असताना किती पोचतात हे बघा. बिनभाराच्या वायरीवर एका तारेतूनही १२ व्होल्ट दिसतात. भार पडल्यावर ८ वर आले तर वायरिंग खराब आहे.

आणि आता तो एक प्रयोग, जो कुठल्याही गॅरेजने ट्रान्स्फर केस खोलण्याआधी करावा आणि सहसा कोणी करत नाही. मोटर तीन-चार बोल्टांवर असते. ती काढली की मागे ट्रान्स्फर केसमधून बाहेर आलेला छोटा दांडा दिसतो. काढण्याआधी दांडा आणि मोटर कुठल्या स्थितीत आहेत त्याची खूण रंगाने करून घ्या. मग दांडा पकडीने हलकेच फिरवा. प्रत्येक स्थितीला हाताला ‘खट्’ असं जाणवायला हवं. एखाद्या ठिकाणी अडला तर जोर करू नका, आधी जोडीदाराला मागचा शाफ्ट हाताने थोडा फिरवायला सांगा, दाते समोरासमोर येऊन अडलेले असू शकतात. दांडा हाताने सगळ्या स्थितींत जात असेल तर शिफ्टिंग शाबूत आहे, दोष मोटर, तिच्या आतला स्थितीचा सेन्सर किंवा वायरिंग यांत आहे. हे सगळं करताना जमिनीवर टेकलेल्या प्रत्येक चाकाला लाकडी ओंडके लावाच. ट्रान्स्फर केस मधल्या न्यूट्रल स्थितीत आली की गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवलेली असली तरी मोकळी होते, आणि तुम्ही तिच्या खाली असता. उचललेला भाग जॅकवर नाही, स्टँडवर ठेवा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. पाऊस असला की घरापासूनच फोर हाय लावून निघता. तसं करू नका. तुमची फोर बाय फोर पार्ट टाइम आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वेगफरक सोसणारा डिफरेन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. डांबरावर, ओल्या डांबरावरसुद्धा, तो निघत नाही आणि सगळा पीळ शाफ्टांत आणि ट्रान्स्फर केसमधल्या साखळीत साठतो. मग टू हायवर (नुसत्या मागच्या चाकांवर) आणायला गेलं की निघत नाही, नॉब फिरवूनही दिवा जात नाही. अशा वेळी सरळ रेषेत पाच-सहा मीटर रिव्हर्स घ्या, पीळ उतरतो आणि खट् करून सुटतं.

टायरांचंही तेच. चारही एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले हवेत. २३५/७० आर १६ च्या टायरचा नवा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर. पुढे नवे आणि मागे पाच मिलिमीटर झिजलेले असतील तर व्यासात १० मिलिमीटरचा फरक, म्हणजे फेऱ्याला ३१ मिलिमीटर, म्हणजे किलोमीटरमागे साडेतेरा मीटर. फोर हायमध्ये डांबरावर हे साडेतेरा मीटर दर किलोमीटरला ट्रान्स्फर केसने गिळायचे. आधीच्या मालकाने दोनच टायर बदलले नाहीत ना, बघा. भंगारबाजारातून डिफरेन्शियल बदललेला असेल तर पुढच्या-मागच्या रेशोचीही खात्री करून घ्या, तो सारखाच लागतो.

मग तेल. दोष काहीही असो, हे करायचंच. आधी भरायचं बूच उघडा, मग खालचं. उलट केलंत आणि वरचं बूच गंजून बसलं असेल तर तेल सांडलेली गाडी जागेवर अडकेल. तेल पांढऱ्या थाळीत घ्या. खालच्या बुचाच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी बारीक पेस्ट असली तर वयाचं आहे, घाबरू नका. उन्हात धरल्यावर सोनेरी झाक दिसली तर ती सिंक्रोच्या पितळेची. बोटांना टोचतील असे लोखंडी तुकडे आले तर बेअरिंग किंवा दाते, आणि तेव्हा मीही म्हणेन, उतरवा. तेल दुधी चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. पाणी बहुधा ब्रीदरमधून येतं. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही ॲक्सलना वरच्या अंगाला श्वास घ्यायची नळी असते. ती तुटली किंवा चिखलाने बुजली, आणि तापलेली गाडी ओढ्याच्या गार पाण्यात उतरली, की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. तुमच्या शेताच्या वाटेवर ओढा आहे की नाही माहीत नाही, पण नळ्या तपासा, शक्य असेल तर बॉनेटच्या उंचीपर्यंत वर नेऊन बांधा.

भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल भरा. गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल सांगितलं असेल तर ‘जीएल-५ त्याहून भारी’ म्हणून टाकू देऊ नका, त्यातली जास्तीची रसायनं सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत. नॉबवाल्या बऱ्याच ट्रान्स्फर केसना तर गिअर ऑइल नाहीच, ऑटोमॅटिकचं पातळ एटीएफ लागतं. तिथे जाड ऑइल भरलेलं मी पाहिलंय. आणखी एक: ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने जोडलेली असते तिथे मधलं सील गेलं की एकाचं तेल दुसऱ्यात जातं. एकीकडे काठोकाठ आणि दुसरीकडे कमी, असं दिसलं तर बाहेर एक थेंबही न गळता गिअरबॉक्स कोरडा पडत चाललाय.

तिसरा गिअर निसटणं. आधी फाउंडेशन. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, कोणालातरी पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला सांगा, आणि तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघा. गिअरबॉक्सखालचं फाउंडेशन फाटलेलं असेल तर उतारावर पाय काढताच सगळा गिअरबॉक्स सरकतो आणि लिव्हर त्याला ओढून न्यूट्रलमध्ये आणते. मग लिव्हरच्या बुशा, त्यानंतर गिअरबॉक्सवरच्या, गिअर जागी धरून ठेवणाऱ्या गोळी-स्प्रिंगचं बूच बघा. हे सगळं बाहेरून होतं. एवढं करूनही रविवारी पहाटे गायमुखच्या उतारावर तिसरा सुटत असेल तर आतला फोर्क किंवा दाते झिजलेत, ते मात्र खोलल्याशिवाय होणार नाही.

आवाजाचं थोडक्यात. साठवर असताना मोकळा रस्ता बघून न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर तो गिअरबॉक्सच्या पुढच्या भागातला नाही. चाकाचं बेअरिंग, शाफ्टचे क्रॉस, डिफरेन्शियल किंवा टायर. हलकं डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग. मोठ्या गुट्ट्यांचे मड टायर असतील तर पुढचे मागे टाकून बघा, आवाजाची जागा बदलली तर टायरच. उभ्या गाडीत न्यूट्रलला आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग; उलट क्लच दाबल्यावर येतो तर रिलीज बेअरिंग. चौथा सोडून सगळ्या गिअरमध्ये आवाज येत असेल तर खालच्या शाफ्टची बेअरिंग्ज, कारण अशा पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये चौथ्याला ताकद सरळ जाते, खालच्या शाफ्टवर भार येत नाही.

गाडी आठ महिन्यांपूर्वीच घेतलीय म्हणून हेही तपासा. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, तेव्हा बदलापूर-कल्याण पट्ट्यात किती गाड्या बुडाल्या त्या आम्ही पाहिल्यात. त्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळीच्या आतल्या भागावर मातीची रेघ आहे का? सीटच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली वाळू? तसं असेल तर एकेका कनेक्टरमागे धावू नका, केबिनमधल्या वायरिंगचे सगळे जोड एकदाच उघडून साफ करून घ्यावे लागतील.

आणि इतकं सगळं करून गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच, तर समोर उभं राहून खोलून घ्या, जुने भाग घरी न्या, आणि एकच बेअरिंग बदलून बंद करू देऊ नका. मजुरी उतरवण्याचीच मोठी असते, तेव्हा बेअरिंग्ज, सील, मधलं सील आणि क्लच प्लेट-प्रेशर प्लेट-रिलीज बेअरिंग एकाच वेळी उरकून घ्या.

मला पुढे कळवाल तेव्हा चार गोष्टी कळवा. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत किती व्होल्ट आले. अर्ध्या तासानंतर किती मिलिअँपिअर राहिले. मॅट काढल्यावर रिव्हर्स आणि फोर लो कसे लागले. आणि थाळीतल्या तेलाचा दिवसाउजेडी काढलेला फोटो. तोवर गाडी चालवायला हरकत नाही, फक्त डांबरावर टू हायमध्येच, आणि चिखलात एकटे जाऊ नका.